अरुंद झडपेचा आवाज : प्रस्तावना

हृदयाच्या चार झडपांपैकी एकाच झडपेवर, तेही तिच्या एकाच दोषावर, स्वतंत्र पुस्तिका कशाला, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे. जन्मजात हृदयदोषांमध्ये हा दोष असा आहे की साध्या स्टेथोस्कोपने त्याची पहिली खूण गावातच पटते, त्याचे गांभीर्य आकड्यात मोजता येते आणि वेळेत सापडला तर बहुतेक वेळा छाती न उघडता तो दूर करता येतो. इतके सगळे हाताशी असून आपल्या परभणी जिल्ह्यात अशी मुले चौदाव्या-पंधराव्या वर्षी सापडतात. एखादी मुलगी तर लग्नानंतर, पहिल्या बाळंतपणाच्या तपासणीत सापडते. मधली सगळी वर्षे त्या छातीत आवाज असतोच. कोणी कान लावलेला नसतो, किंवा लावला तेव्हा खोलीत गोंगाट असतो. मला याची मनापासून खंत वाटते. ही पुस्तिका त्यातूनच आली. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, शाळा-अंगणवाडी तपासणीची पथके, परिचारिका, आशाताई आणि ज्यांच्या घरात असे लेकरू आहे त्या आईवडिलांसाठी आहे.

आधी झडपेविषयी. शरीरभर फिरून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथल्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत ढकलले जाते. कप्पा आणि धमनी यांच्या मध्ये तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. हीच पल्मोनरी व्हॉल्व्ह. कप्पा आकसला की पाकळ्या पूर्ण बाजूला सरतात, सैल पडला की मिटतात. गर्भात ही झडप घडत असतानाच पाकळ्यांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या राहिल्या, तर झडप घुमटासारखी वर उचलली जाते आणि रक्ताला मधल्या छोट्या तोंडातूनच वाट काढावी लागते. हाच पल्मोनरी स्टेनोसिस. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. अशा शंभर बाळांपैकी सात ते दहा जणांत ही झडप अरुंद असते.

हृदयाची उजवी बाजू मुळात कमी दाबाने काम करते. मोठ्या माणसात डाव्या कप्प्याला सुमारे १२० मिलिमीटरचा दाब निर्माण करावा लागतो, उजव्याचे २५ च्या आसपास भागते. झडप अरुंद झाली की याच कप्प्याला ६०, ८०, कधी १०० च्याही वर दाब द्यावा लागतो. तो देतोही. स्नायू जाड होतो, वर्षानुवर्षे तक्रार न करता झडपेपलीकडे रक्त पोचवत राहतो. मुलाच्या वागण्यातून म्हणूनच काही कळत नाही. पालक विचारतात, ‘लेकरू खातंय, पितंय, दिवसभर हुंदडतंय, मग त्याला झालंय काय?’ प्रश्न रास्त आहे. दम लागणे, खेळताना छातीत दुखणे, भोवळ येणे, पोट आणि पाय सुजणे ही लक्षणे त्या थकलेल्या कप्प्याची असतात आणि ती दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. लक्षणांची वाट पाहत बसायचे नाही, एवढे या पुस्तिकेतून पटले तरी माझे काम झाले.

आमच्याकडे हृदयाचा कुठलाही दोष असो, घरचे ‘छिद्र आहे म्हणे’ असे सांगतच येतात. त्यांना पहिल्याच भेटीत समजावून सांगावे लागते की इथे छिद्र नाही, रक्ताची वाट अरुंद आहे. हे सांगणे टाळू नये, कारण छिद्र ‘वाढत्या वयात आपोआप बुजतं’ हे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते आणि त्या भरवशावर ते घरी बसतात. भिंतीतली काही लहान छिद्रे खरेच बुजतात. जुळलेल्या पाकळ्या मात्र आपोआप सुट्या होत नाहीत.

निदान आवाजापासून सुरू होते. शेतात मोटार चालू असताना पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी सुसाट निघते आणि फर्र असा आवाज येतो. जितके जास्त दाबाल तितकी धार वेगवान. अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताचे हेच होते. कानाला ऐकू येणारा मर्मर आणि पुढे टू-डी इकोच्या पडद्यावर मोजला जाणारा वेग, दोन्ही या एकाच गोष्टीतून निघतात.

ऐकायचे कसे, यावर पुस्तिकेत एक आख्खे प्रकरण आहे आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. अंगणवाडीच्या खोलीत पंचवीस-तीस मुले, वर पंखा, दारात डोकावणारी मोठी भावंडे, अशा स्थितीत हृदय ऐकू येत नाही. आधी पंखा बंद करा. बाकीच्या मुलांना अंगणवाडीताईंबरोबर ओसरीत पाठवा. मूल आईच्या मांडीवर असू द्या, रडत असेल तर थांबा, सदरा पूर्ण काढा. कापडावरून ऐकलेले हृदय न ऐकल्यासारखेच. स्टेथोस्कोपची चकती तळहातात धरून कोमट करा, मग छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीमधल्या फटीवर टेकवा. हृदयाचा पहिला ठोका झाल्यावर सुरू होणारा, चढत जाऊन मग उतरणारा खरखरीत आवाज इथे सर्वांत मोठा असेल, तर चकती डाव्या हंसळीखाली न्या आणि नंतर पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये. तिथेही तो पोचत असेल तर संशय बळावतो. आवाज मोठा असेल तर त्याच जागी तळहात ठेवल्यावर बारीक थरथर लागते.

त्याच जागी आणखी एक छोटी खूण मिळते. पहिल्या ठोक्यानंतर लगेच ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. घुमट झालेली झडप वर उचलली जाताना झटक्यात थांबते, त्याचा हा आवाज. मुलाने श्वास आत घेतला की तो मंद होतो, सोडला की स्पष्ट होतो. उजव्या बाजूचे बाकी सगळे आवाज श्वास घेताना वाढतात, हा एकटाच कमी होतो. तान्ह्या बाळाचा श्वास इतका जलद असतो की हा फरक पकडणे कठीण. पण सात-आठ वर्षांच्या समजूतदार मुलाला ‘हळू श्वास घे, आता सोड’ असे सांगितले की तो कळतो आणि एकदा कळला की कान विसरत नाही. दुसरा ठोकाही दोन तुकड्यांत फाटल्यासारखा येतो आणि त्याचा मागचा तुकडा दबलेला असतो.

इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असे थेट समीकरण नाही. झडप जितकी अरुंद, तितका मर्मर लांबतो आणि त्याचा चढ ठोक्याच्या उत्तरार्धात सरकतो. लांबीकडे लक्ष द्या. उजवा कप्पा दमून गेला असेल तर धारच क्षीण होते आणि अत्यंत अरुंद झडपेचा मर्मर उलट हलका ऐकू येतो. सुजलेले यकृत, फुगलेली मानेची शीर आणि हलका मर्मर एकत्र दिसले तर दिलासा मानू नये, त्याच दिवशी पुढे पाठवावे.

दुसऱ्या टोकाला निष्कारण भीतीही आहे. निरोगी मुलांपैकी कितीतरी जणांच्या छातीत निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो. तापात तो वाढतो. आपल्या भागात रक्तक्षय भरपूर, आणि रक्त पातळ झालेल्या मुलाच्या हृदयावर असा आवाज हमखास येतो. ताप उतरल्यावर, लोहाच्या गोळ्यांचा कोर्स झाल्यावर पुन्हा ऐकावे. निरुपद्रवी आवाज सहसा मऊ, आखूड असतो आणि मूल झोपलेले असताना व बसलेले असताना वेगवेगळा येतो. त्याच्याबरोबर ‘टक्’ नसतो, थरथर नसते. नवजात बाळात फुफ्फुसाच्या धमन्यांच्या फांद्यांजवळ येणारा हलका आवाज साधारण सहा महिन्यांत जातो. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर मर्मर याच जागी येतो, पण दुसऱ्या ठोक्याचे दोन तुकडे श्वास घेताना व सोडताना सारखेच दूर राहतात. मोठ्या माणसांत आपल्याकडे अरुंद झालेली झडप बहुधा डावीकडची मायट्रल निघते, लहानपणच्या घसादुखीनंतर आलेल्या संधिवाती तापाची देणगी. हा ताप पल्मोनरी झडपेच्या वाटेला क्वचितच जातो. ती अरुंद असेल तर जवळजवळ नेहमी जन्मापासूनच.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी आणि घाईची. झडप जवळजवळ बंदच असेल तर उजव्या बाजूचे रक्त वरच्या पडद्यातल्या गर्भकाळातल्या वाटेने डावीकडे जाते आणि बाळ निळे पडते. फुफ्फुसाला रक्त पुरवणारी गर्भातली नळी पहिल्या काही दिवसांत मिटू लागली की बाळ झपाट्याने खालावते. सावळ्या बाळात निळेपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रसूतिगृहात चोवीस तासांनंतर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावावा. कुठल्याही जागी ९० च्या खाली आकडा आला तर लगेच हालचाल करावी. ९५ किंवा जास्त असून हातापायांतला फरक तीनपर्यंत असेल तर ठीक. मधले आकडे आले तर तासाभराने पुन्हा पाहावे. कोविडनंतर हे यंत्र आरोग्य केंद्रांत आणि कितीतरी घरांत पोचले आहे. त्याचा हा उपयोग अजून पुरेसा होत नाही.

ईसीजी आणि छातीचा एक्स-रे मदत करतात, पण शेवटचा शब्द टू-डी इकोचा. ईसीजीत उजव्या कप्प्याची जाडी दिसते. एक्स-रेत हृदयाचा आकार बहुधा नेहमीचा असतो, मात्र झडपेपुढचा धमनीचा भाग धारेच्या माऱ्याने फुगलेला दिसतो. इकोत पाकळ्या दिसतात आणि डॉप्लरने धारेचा वेग मोजला जातो. त्या वेगाचा वर्ग करून चाराने गुणले की झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मिळतो. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर फरक ३६, वेग ४ मीटर असेल तर ६४. छत्तीसच्या खाली सौम्य, चौसष्टच्या वर तीव्र, मधला मध्यम. ही रीत पालकांनाही समजते, असा माझा अनुभव आहे. शेतीच्या हिशेबात मुरलेल्या माणसाला आकड्याची भीती वाटत नाही. ‘थोडंसं आहे, बघू’ या मोघम बोलण्याची मात्र वाटते. इको झाल्यावर आकडा कागदावर मागून घ्यावा.

आकडा वाचतानाही जाणते राहावे लागते. मूल रडत असेल, तापात असेल तर तो वाढतो. पहिल्या काही आठवड्यांत फुफ्फुसातला दाबच जास्त असल्याने तो फसवा कमी येऊ शकतो, आणि तान्हेपणी सौम्य वाटलेली झडप वर्षाच्या आत अरुंद होत गेलेली आढळते. म्हणून पहिल्या वर्षात इको पुन्हा व्हायलाच हवा. दोन वर्षांपुढे सौम्य दोष सहसा सौम्यच राहतो. अशा मुलाला धावू द्यावे, कबड्डी खेळू द्यावी, शाळेतल्या कवायतीतून काढू नये. दर काही वर्षांनी तपासणी आणि दातांची स्वच्छता, एवढे पुरते.

झडप अरुंद असण्याचे कारण बहुतेक वेळा सापडत नाही, पण दोन ठिकाणी नजर ठेवावी. वयाच्या मानाने बुटके मूल, डोळ्यांत जास्त अंतर, आखूड आणि पडदा धरलेली मान, खाली सरकलेले कान अशी ठेवण दिसली तर नूनन सिंड्रोम मनात आणावा. जॅकलिन नूनन या अमेरिकन बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९६३ मध्ये, पल्मोनरी झडप अरुंद असलेल्या मुलांच्या चेहऱ्यांतले साम्य टिपूनच तो वर्णिला. या मुलांच्या पाकळ्या जाड, ओबडधोबड असतात. दुसरे कारण रुबेला. गर्भारपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाचे दोष येतात. त्यात फुफ्फुसाच्या धमन्यांच्या फांद्या अरुंद होणे हे ठळक. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली, तेव्हा गावोगाव शंका घेणारे पालक भेटले होते. त्या लसीचा हृदयाशी असा संबंध आहे हे तेव्हा पुरेसे सांगितले गेले नाही, असे मला वाटते.

इटलीच्या मॉर्गाग्नी यांनी १७६१ मध्ये शवविच्छेदनातून ही अरुंद झडप वर्णिली. लेनेक यांचा स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये. म्हणजे आवाज आणि झडप यांची सांगड घालायला दोन पिढ्या गेल्या आणि उपाय सापडायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ. १९४७ च्या डिसेंबरात लंडनमध्ये होम्स सेलर्स यांनी आणि १९४८ मध्ये रसेल ब्रॉक यांनी धडधडत्या हृदयात हत्यार घालून पाकळ्या सोडवल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या जीन कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या मुलीच्या जांघेतल्या शिरेतून नळी नेली, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवला आणि जुळलेल्या कडा मोकळ्या केल्या. आज जगभर हाच पहिला उपचार आहे. फुगा झडपेच्या कड्यापेक्षा थोडा मोठा, सव्वापटीच्या आसपास घेतात. दाबातला फरक साठीच्या पुढे गेला, किंवा आकडा काहीही असला तरी कप्पा दमू लागला, की बलूनचा विचार होतो. जांघेत छोटी पट्टी लावलेले मूल एक-दोन दिवसांत घरी येते. नंतर झडप थोडी गळू शकते, म्हणून बलून झाला की तपासणी संपली असे समजू नये. नूननच्या जाड झडपेला बलून दर वेळी पुरत नाही, कधी शस्त्रक्रिया लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, अशी त्याची आखणी आहे आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली, त्यात शेजारचे नांदेड होते. परभणीचा नंबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला. तीच आता महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना. बलूनसाठी बहुतेक कुटुंबांना अजून जिल्ह्याबाहेर जावे लागते. छत्रपती संभाजीनगर गाठायचे तर दोनशे किलोमीटर, मुंबई पाचशेच्या पुढे. रात्रीच्या देवगिरीने निघालेले बाप-लेक परळच्या वाडिया रुग्णालयात किंवा खारघरच्या सत्य साई संजीवनीत पोचतात आणि उपचार घेऊन परत येतात. सोय आहे, पैशाची वाट आहे. मुले निसटतात ती त्याच्या आधी.

ती कुठे निसटतात हे मला नेमके सांगावेसे वाटते. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लहान लेकरांना बरोबर घेऊन कारखान्याच्या फडावर जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तपासणी पथक या महिन्यांत शाळेत आले तर त्या मुलापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होते आणि पुढच्या वर्षीही तेच. अंगणवाडीच्या दोनपैकी एक फेरी तर त्यांच्या हातून हमखास जाते. माझी पथकांना कळकळीची विनंती आहे की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी आशाताईंकडून घ्यावी आणि ती मुले पेरणी ते दसरा या काळात पहिल्यांदा पाहावीत. मर्मर ऐकलेल्या मुलाचा इको कोयता निघण्याआधी व्हावा. एकदा गाडी हलली की चिठ्ठी खिशातच राहते.

दुसरी गळती मुलींची आहे. मुलीच्या हृदयाचा कागद घरात नको, उद्या सोयरीक जमवताना आडवा येईल, या धास्तीने इको टाळला जातो, किंवा झालेला लपवला जातो. आईला बाजूला घेऊन शांतपणे सांगावे. झडप सौम्य असेल तर लग्न आणि बाळंतपण दोन्ही इतर मुलींसारखे पार पडते. तीव्र असेल तर गर्भारपणात वाढणाऱ्या रक्ताचा भार तो कप्पा पेलू शकत नाही, आणि तोच बलून आधी झाला असता तर प्रश्नच राहिला नसता. मला अशा आया भेटल्या आहेत ज्यांनी हे ऐकून दुसऱ्याच आठवड्यात मुलीला नेले. त्यांच्याशी याआधी कोणी असे बोललेले नव्हते.

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी ही पुस्तिका हातात घेतली तर मला आनंद होईल. पडद्यावर इको पाहायला मिळतो म्हणून कान तयार करायचा सोडू नका. तुमची पहिली नेमणूक जिथे होईल तिथे इको नसेल, आणि समोर मूल असेल.

पुस्तिकेच्या शेवटी पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीचा नमुना दिला आहे. नुसते ‘हृदयविकार संशयित’ लिहून पाठवू नये. मर्मर कुठे सर्वांत मोठा ऐकू आला, पाठीवर पोचतो का, थरथर लागते का, उजव्या हाताचा आणि पायाचा ऑक्सिजन किती, वजन आणि उंची किती, हिमोग्लोबिन किती, त्या दिवशी ताप होता का, हे लिहावे. खाली दोन फोन नंबर असावेत, एक आईवडिलांचा आणि दुसरा गावातच राहणाऱ्या आजी-आजोबांचा किंवा चुलत्याचा, कारण फडावर गेलेल्यांचा फोन लागत नाही. आणि ती चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी. एक घरच्यांच्या हातात द्यावी, दुसरी आशाताईंच्या वहीत राहू द्यावी.